गूळ लागला पाहिजे, कळता कामा नये: एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको आणि आमचे ठाण्याचे ताट

घोडबंदर रस्त्यावरच्या एका वाइनच्या दुकानात इटलीहून आलेल्या प्रोसेको या फेसाळ वाइनची बाटली हातात घेऊन मी उभी होते. काउंटरवरच्या मुलाने "मॅडम, ही जरा गोडसर आहे, चालेल ना?" असे विचारले, तेव्हा मी त्याला लेबलवर ठळक छापलेली 'एक्स्ट्रा ड्राय' ही अक्षरे दाखवली. त्याने ती माझ्याआधी कितीतरी वेळा वाचलेली असणार, कारण तो वाद न घालता नुसता हसला. घरी येऊन बाटली उघडल्यावर त्याचे म्हणणे बरोबर निघाले आणि माझा इंग्रजीवरचा विश्वास चुकीचा ठरला. आपल्याकडे 'ड्राय' या शब्दाची खरी ओळख ड्राय डेमुळे झालेली आहे. त्यामुळे 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे काहीतरी अधिकच कोरडे आणि रूक्ष असणार, असे वाटणे स्वाभाविक होते. पण वाइनच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा आहे.

हा घोळ शॅम्पेनच्या काळापासून चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधली फेसाळ वाइन आजच्या मानाने फारच गोड असे, आणि रशियात जाणारी तर सरबताच्या जातीची असे. इंग्रज गिऱ्हाइकांना कमी गोड हवी होती, म्हणून त्यांच्यासाठी जी निघाली ती त्या काळच्या मापाने 'ड्राय' आणि 'एक्स्ट्रा ड्राय' ठरली. पुढे तिच्याहूनही कमी साखरेची वाइन आली, तोपर्यंत 'ड्राय'च्या पायऱ्या वापरून झाल्या होत्या, म्हणून तिला 'ब्रूट' हे नाव मिळाले. मादाम पोमेरी यांची १८७४ सालची ब्रूट त्या वळणावरची प्रसिद्ध वाइन मानली जाते. शब्द तसेच राहिले आणि मापे त्यांच्याभोवती बांधली गेली. आजच्या युरोपीय नियमांप्रमाणे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ब्रूट, १२ ते १७ ग्रॅम असेल तर एक्स्ट्रा ड्राय, १७ ते ३२ ग्रॅम असेल तर नुसते ड्राय, ३२ ते ५० ग्रॅम असेल तर दमी-सेक आणि त्यापुढे दू. म्हणजे ज्या बाटलीवर 'ड्राय' लिहिले आहे ती 'ब्रूट'पेक्षा निश्चित गोड असते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी दुकानातली अर्धी फसगत टळते.

आता या आकड्यांना घाबरण्याचे कारण नाही. लिटरमागे १४ ग्रॅम धरले तर १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात जेमतेम दोन ग्रॅम साखर येते आणि ७५० मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीत दोन-अडीच लहान चमचे. आमच्या घरात दुपारच्या एका कप चहात याहून अधिक साखर पडते. तरीही ही एवढीशी साखर जिभेला जाणवते, आणि ती कशी जाणवते हाच या परीक्षणाचा विषय आहे. माझ्या सासूबाई स्वतः वाइनला हात लावत नाहीत, पण आमटीत गूळ किती घालावा याविषयी त्यांचा एक कडक नियम आहे: गूळ लागला पाहिजे, कळता कामा नये. चिंचेचा आंबटपणा टोचत असेल तर गूळ कमी पडला, आणि आमटी गोड लागली तर गूळ जास्त झाला. एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको चांगली असेल तर ती या नियमात तंतोतंत बसते, आणि माझ्या मते म्हणूनच ती आपल्या जेवणाशी इतर कोरड्या वाइनपेक्षा सहज जुळते.

प्रोसेको हे मुळात त्रिएस्तेजवळच्या एका गावाचे नाव. पुढे तेच नाव द्राक्षाला आणि वाइनला चिकटले. २००९ साली इटलीने या वाइनचे नियम नव्याने आखले, तेव्हा 'प्रोसेको' हे नाव प्रदेशासाठी राखून ठेवले गेले आणि द्राक्षाला 'ग्लेरा' हे जुने नाव परत देण्यात आले. व्हेनेतो आणि फ्रिउली व्हेनेझिया जुलिया या ईशान्येकडच्या दोन प्रांतांतल्या नऊ जिल्ह्यांतच ती बनते, आणि तिच्यात किमान ८५ टक्के ग्लेरा असावी लागते. कोनेल्यानो आणि वाल्दोब्ब्यादेने या गावांमधल्या टेकड्यांवरची वाइन अधिक वरच्या दर्जाची मानली जाते: मूळ प्रदेशाची हमी देणाऱ्या इटलीच्या सरकारी दर्जांत डीओसी साधा आणि ही डीओसीजी त्याच्या वरची. त्या टेकड्या २०१९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. सपाट भागातली डीओसी प्रोसेको अलीकडे वर्षाला साठ कोटींहून अधिक बाटल्या इतकी निघते, त्यामुळे तिच्यात उत्तमपासून सुमारपर्यंत सगळे काही असते.

तिच्या फळांच्या वासाचे कारण बनवण्याच्या पद्धतीत आहे. शॅम्पेनमध्ये फेस आणणारे दुसरे आंबवणे प्रत्येक बाटलीत स्वतंत्र होते, आणि वाइन महिनोन्‌महिने मृत यीस्टच्या गाळावर पडून राहते, म्हणून तिला पावाचा, भाजलेल्या बदामाचा वास येतो. प्रोसेकोचे दुसरे आंबवणे बहुधा पोलादी बंद टाकीत थंड तापमानात होते, आणि पांढऱ्या फेसाळ प्रोसेकोसाठी नियमाने किमान ३० दिवस पुरतात. टाकीची ही कल्पना इटलीतल्या आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी १८९५ साली मांडली आणि फ्रान्सच्या युजेन शार्मा यांनी १९०७ साली ती सुधारली. यीस्टचा सहवास थोडाच असल्यामुळे द्राक्षाचा आणि फळांचा ताजा वास तसाच राहतो. काही जाणकार याच कारणाने प्रोसेकोला बाळबोध समजतात. मला तो आक्षेप पटत नाही. कोशिंबीर मुरलेली नसते म्हणून तिला लोणच्याहून कमी लेखण्यासारखा तो प्रकार आहे.

या परीक्षणासाठी मी साधारण दोन महिन्यांच्या अंतराने तीन निरनिराळ्या उत्पादकांच्या एक्स्ट्रा ड्राय प्रोसेको आणल्या. त्यांतल्या दोन डीओसी होत्या आणि एक वाल्दोब्ब्यादेनेची डीओसीजी. उत्पादकांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एक तर दोन डीओसी बाटल्यांमधला फरक किरकोळ होता, आणि दुसरे म्हणजे आयात वाइनचा साठा दर खेपेला बदलतो. आज दिसलेले लेबल पुढच्या महिन्यात त्याच फडताळावर सापडेलच असे नाही. त्यापेक्षा बाटलीवर काय पाहावे हे सांगणे अधिक उपयोगाचे. मानेवरची डीओसी किंवा डीओसीजीची सरकारी पट्टी पाहावी, साखरेची पायरी वाचावी, आणि मागच्या आयातीच्या चिकटपट्टीवरची तारीख पाहावी. प्रोसेको साठवून मुरवण्याची वाइन नाही. वर्ष-दीड वर्षात ती प्यायली गेली तर बरे, नाहीतर तिचा फळांचा वास मंदावतो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो.

तिन्हींतली एक बाटली मात्र सरळ वाया गेली, आणि त्यात ती बनवणाऱ्याचा दोष नव्हता. ती पारदर्शक काचेची होती आणि दुकानदाराने ती शोभेसाठी समोरच्या कपाटात, ट्यूबलाइटच्या थेट उजेडात, किती महिने ठेवली होती कोण जाणे. उघडल्यावर पहिला वास आला तो शिजलेल्या कोबीचा. उजेडामुळे वाइनमधल्या काही घटकांपासून गंधकयुक्त संयुगे तयार होतात आणि हा वास येतो. गडद हिरवी काच त्याला बरीच अटकाव करते, पारदर्शक काच जवळजवळ करत नाही. मी बाटली परत नेली तेव्हा "वाइन खराब होत नसते, मॅडम" असे उत्तर मिळाले. बुच उघडलेली बाटली परत न घेण्याचा त्यांचा नियम मी समजू शकते, पण ते वाक्य चुकीचे आहे. तेव्हापासून मी समोर मांडलेली बाटली घेत नाही, आतल्या खोक्यातली मागते, आणि दुकानात वातानुकूलन चालू आहे की नाही हेही पाहते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत हा चोखंदळपणा उधळपट्टी नाही. बदली म्हणून तिसरी डीओसी बाटली दुसऱ्या दुकानातून आणली, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या तीन निरोगी बाटल्यांविषयी आहे.

थंड करण्याच्या बाबतीत घाई करू नये. ६ ते ८ अंश सेल्सिअस हे योग्य तापमान, आणि त्यासाठी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार तास लागतात. फ्रीझरमध्ये टाकून विसरण्याचा अपघात आमच्याकडे पूर्वी एकदा झाला आहे, म्हणून आता तो मार्ग बंद. पाहुणे दारात असतील तर बादलीत निम्मे पाणी आणि निम्मा बर्फ घालून त्यात बाटली मानेपर्यंत बुडवावी. पाऊण तासाच्या आत काम होते, कारण नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचे पाणी काचेला सगळीकडून लागते. बाटलीत मोटारीच्या चाकापेक्षा जास्त दाब असतो आणि वाइन गरम असेल तर तो आणखी वाढतो. म्हणून तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून हलवू नये, बुच घट्ट धरून बाटली फिरवावी, आणि आवाज सुस्कारा सोडल्याइतकाच यावा. माझ्या धाकट्या दिरांना चित्रपटातला फटाका हवा होता. त्यांना मी गॅलरीत पाठवले आणि बाटली स्वतः उघडली.

पेल्याविषयी दोनच गोष्टी सांगते. उंच अरुंद पेल्यात बुडबुड्यांची माळ सुंदर दिसते, पण नाक आत जात नाही, आणि जिचे सगळे वैभव वासात आहे त्या वाइनसाठी हे नुकसानच. तोंडाशी किंचित निमुळता होणारा पांढऱ्या वाइनचा साधा पेला अधिक चांगला. दुसरी गोष्ट भांडी घासण्याच्या साबणाची. पेल्याच्या आत साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो आणि बुडबुडे दिसेनासे होतात. पेले गरम पाण्याने धुऊन उलटे वाळवावेत आणि सुती फडक्याने हलके पुसावेत.

आता चव. डीओसी बाटल्यांचा रंग फिकट गवती, जवळजवळ पाण्यासारखा, आणि बुडबुडे मध्यम आकाराचे होते. डीओसीजी बाटलीचे बुडबुडे नजरेला बारीक आणि जिभेला मऊ लागले. नाकाशी पेला नेताच पहिल्यांदा येतो तो पिकलेल्या नासपतीचा वास, त्यामागून हिरवे सफरचंद आणि खरबुजाच्या सालीजवळचा ओला गर. डीओसीजी बाटलीत याशिवाय पांढऱ्या फुलांचा एक धागा होता. इटालियन लोक त्याला बाभळीच्या जातीच्या फुलांची उपमा देतात, माझ्या नाकाला मात्र तो संध्याकाळी उमलू लागलेल्या जुईचा वाटला. घोट घेतल्यावर आधी फेस, मग आंबटपणा आणि त्यानंतर अर्ध्या क्षणाने ती गोडी अशा क्रमाने चवी येतात. गोडी शेवटी येते आणि आंबटपणाची टोके घासून निघून जाते. घोट गिळल्यावर जिभेवर साखर उरत नाही, नासपतीची चव उरते. दिरांनी पहिल्या घोटालाच "वहिनी, हे तर सरबत आहे," असे म्हटले, पण दुसऱ्या घोटाला ते गप्प बसले, कारण ११ टक्के अल्कोहोल सरबतात नसते. दुसऱ्या डीओसी बाटलीत गोडी किंचित पुढे आलेली होती आणि थोडी कोमट होताच ती गोळीसारखी, लहान मुलांच्या चघळायच्या गोळीसारखी, लागू लागली. हा या प्रकाराचा खरा धोका आहे. आंबटपणा कमी पडला की हीच वाइन दहा मिनिटांत बावळट होते.

नुसती पिऊन पाहण्यापेक्षा जेवणाबरोबर तिची परीक्षा अधिक खरी. सुरुवात अळूवडीने केली, कारण ती सासूबाईंच्या हातची होती आणि तिच्याहून कठीण परीक्षक घरात नाही. अळूवडीत बेसनाचा जाडपणा, चिंचेचा आंबटपणा, गुळाची गोडी, तिखट, तीळ आणि तळणीचे तेल असे सगळे एकत्र असते, आणि पूर्ण कोरडी वाइन यांतल्या गुळाशी भांडते. गोड पदार्थाबरोबर तिचा आंबटपणा अधिकच टोकदार होतो. मागे एकदा ब्रूट उघडली होती तेव्हा असेच झाले होते, वाइन लिंबाच्या पाण्यासारखी लागली होती. या वेळी वडीचा गूळ आणि वाइनची साखर एका पातळीवर आल्या. चिंचेमुळे वाइनचा आंबटपणा सौम्य वाटू लागला, बुडबुड्यांनी प्रत्येक घासानंतर तेलाचा थर धुऊन काढला, आणि पुढची वडी पहिल्या वडीसारखीच ताजी लागली. तीळ आणि नासपती यांचे इतके सख्य असेल असे मला वाटले नव्हते. बाटलीतला पहिला निम्मा भाग अळूवडीबरोबरच संपला, आणि मूळ बेतात तसे नव्हते.

चेंदणीच्या कोळणीकडून आणलेले बोंबील रव्यात घोळून तळले होते. बोंबील मऊ, पाणीदार आणि सौम्य. बाहेरचे कवच कुरकुरीत आणि खारट. मीठ वाइनचा आंबटपणा खाली आणते आणि फळाची चव वर काढते, हे पुस्तकी वाक्य इथे शब्दशः अनुभवाला येते. आमच्या सीकेपी घरात बोंबलावर लिंबू पिळण्याची सवय आहे. या वाइनबरोबर ते पिळू नये असे मी सांगेन, कारण लिंबाचे काम वाइन करते आणि दोन्ही एकत्र आले की नासपती हरवते. भरलेल्या पापलेटाबरोबर मात्र थोडा हात आखडावा लागला. हिरव्या चटणीत आम्ही मिरची सढळ घालतो, आणि तिखट एका मर्यादेपलीकडे गेले की बुडबुडे जिभेवर सुयांसारखे टोचतात. चटणीत खोबरे जास्त आणि मिरची निम्मी असेल तर जोडी जमते. आमच्या नेहमीच्या प्रमाणात ती जमली नाही.

याच कारणाने मिसळीची परीक्षा घेणे हा वेडेपणा होता, पण ठाण्यात राहून तो केला नाही असे व्हायला नको म्हणून मामलेदारची मिसळ पार्सल आणली. निकाल आधीच ठाऊक होता. साखरेने आग थोडी शमते, परंतु अल्कोहोल आणि बुडबुडे ती पुन्हा भडकवतात, आणि त्या तर्रीपुढे १४ ग्रॅम साखरेचा काय पाड लागणार! दोन घासांनंतर वाइनची चवच उरली नाही, फक्त थंडपणा कळत होता. मिसळीवर ताक प्यावे. यात वाइनचा अपमान नाही आणि मिसळीचा तर नाहीच.

वालाच्या बिरड्याने मात्र मला बुचकळ्यात पाडले. नारळाचा दाट रस, थोडा गूळ आणि वालाची स्वतःची किंचित कडू चव; कागदावर पाहता ही जोडी जमायला हवी होती. नारळ आणि गूळ यांच्याशी वाइन खरोखरच छान बसली, परंतु वालाचा कडवटपणा घोटानंतर वर येत राहिला आणि वाइनच्या शेवटालाही थोडी कडू कड लागली. माझ्या पतींना तीच गोष्ट आवडली, त्यांच्या मते त्यामुळे वाइनला वजन आले. मी अजून ठरवू शकलेले नाही. कदाचित कोवळ्या वालांचे बिरडे करून पुन्हा पाहावे लागेल. सोड्याच्या खिचडीची बाजू त्यामानाने सोपी होती: सुक्या कोळंबीची खोल, समुद्री चव फळांच्या वासाला दाबून टाकते आणि वाइन उगाच पातळ लागते. तीच खिचडी ताज्या कोळंबीची केली तर अडचण येत नाही. सुरळीची वडी, खारे दाणे आणि पांढरा ढोकळा हे सगळे चालते, त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सर्वांत अनपेक्षित यश आंबेडाळीने मिळवले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ दुसऱ्या दिवशी उरली होती, आणि उरल्यामुळेच ती या पेल्याच्या वाटेला आली. आदल्या दिवशी हा विचार मनात आणण्याचीही सोय नव्हती. भिजवून वाटलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, मोहरी-हिंगाची फोडणी. कैरी वाइनपेक्षा कितीतरी आंबट असते, आणि खाण्यातला आंबटपणा वाइनच्या आंबटपणापेक्षा जास्त असला की वाइन अचानक गोल आणि गोडसर लागते. एरवी नासपतीसारखी असलेली तीच प्रोसेको कैरीपाठोपाठ पिकलेल्या पीचसारखी लागली. जाऊबाईंनी चाखून विचारले, "ही दुसरी बाटली उघडलीत का?" बाटली तीच होती.

आता गोडाविषयी, कारण 'गोडसर वाइन' म्हटले की लोक ती जेवणानंतर श्रीखंडाबरोबर काढतात, आणि तिथेच तिचे मातेरे होते. नियम साधा आहे: वाइन पदार्थाइतकी किंवा त्याहून अधिक गोड हवी. हापूसच्या फोडीत वजनाच्या साधारण पंधरा टक्के साखर असते, तिच्यापुढे दीड टक्क्याहूनही कमी साखरेची ही वाइन काय टिकणार? वाशीच्या घाऊक फळबाजारातून आणलेल्या पेटीतला आंबा खाल्ल्यावर घेतलेला घोट निव्वळ आंबट, पाणचट आणि थोडा धातूसारखा लागला. पुरणपोळीबरोबर हेच, श्रीखंडाबरोबर याहून वाईट. गोडाच्या ताटासाठी इटलीच्याच पिएमोन्ते प्रांतातली मोस्कातो द'आस्ती अधिक योग्य. तिच्यात अल्कोहोल साडेचार ते साडेसहा टक्के आणि साखर लिटरमागे शंभर ग्रॅमच्या पुढे असते, फेस मंद असतो आणि तिचा मस्कट द्राक्षाचा वास केशर-वेलचीला भितो असे नाही. आमच्याकडच्या निनाव या सीकेपी गोड पदार्थाबरोबर ती एकदा पाहायची आहे. प्रोसेकोची जागा मात्र जेवणाच्या सुरुवातीला आहे, शेवटी नाही.

किमतीकडे वळायला हवे, कारण तिथे मन खट्टू होते. मला डीओसी बाटली अडीच हजारांच्या घरात आणि डीओसीजी त्याहून हजारभर रुपये जास्त पडली. आयात वाइनवर आपल्याकडे दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिले, त्यावर राज्याचा कर; इटलीत बाजारहाट करताना सहज पिशवीत टाकण्याची ही वाइन ठाण्यात समारंभाची होते. या पैशांत नाशिकची चांगली फेसाळ वाइन दीड-दोन बाटल्या येते, आणि आपल्या राज्याला या प्रकारची परंपरा नाही असेही नाही: १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन काढली आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी विकली, तर नाशिक जिल्ह्यात शांदों या फ्रेंच ब्रँडची फेसाळ वाइन २०१३ साली निघाली. नाशिकची ब्रूट मला आवडते, पण तिचा स्वभाव वेगळा आहे. ती बहुधा बाटलीत आंबवलेली, अधिक कोरडी आणि यीस्टच्या वासाकडे झुकणारी असते. ती बोंबलाबरोबर प्रोसेकोच्या तोडीस तोड ठरते. अळूवडीपुढे आणि आंबेडाळीपुढे ठरत नाही, कारण तिथे चवीपुरता गूळ लागतो. डीओसीजी बाटलीच्या जास्तीच्या हजार रुपयांविषयी विचाराल तर नुसती प्यायची असेल तेव्हा ते सार्थ आहेत. ताटावर पाच पदार्थ असतील तेव्हा तो जुईचा धागा कुणाच्या लक्षातही येत नाही आणि डीओसी पुरते.

बाटली एका बैठकीत संपली नाही तर काय, हा प्रश्न चार माणसांत सहसा येत नाही, परंतु मिसळीच्या दिवशी आला. उघड्या तोंडात चांदीचा चमचा अडकवून ठेवला की फेस टिकतो, अशी एक समजूत आहे; आम्ही स्टीलचा आणि चांदीचा असे दोन्ही लावून पाहिले, दोघांचाही उपयोग नाही. फेसाळ वाइनचे कडीचे झाकण तीन-चारशे रुपयांत मिळते, ते लावून फ्रिजमध्ये उभी ठेवलेली बाटली दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी जिवंत होती आणि तिसऱ्या दिवशी गेली. काढलेले मूळ बुच पुन्हा बसत नाही, त्याची खटपट करू नये. एक व्यवहाराची गोष्ट राहिली: महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण असावे लागते आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा पिण्याचा परवानाही लागतो. तो ऑनलाइन निघतो, आणि दुकानात कुणी विचारले नाही तरी खिशात असावा.

अळू बारा महिने मिळते, पण ताज्या बोंबलाचे दिवस मोजके आहेत. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते आणि त्यानंतरचा ताजा मासा ऑगस्टशिवाय सहसा हाती लागत नाही. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या रविवारसाठी एक डीओसी बाटली मी आतल्या खोक्यातूनच, हिरव्या काचेची, मागून आणली आहे. दिरांना या खेपेला बुच उघडण्याची परवानगी दिली आहे, अंगठा बुचावरून हलवायचा नाही या अटीवर.